ठोसे मोजायचे की फेऱ्या? मुष्टियुद्धातल्या निकालांचा आढावा

टोक्यो ऑलिंपिकमध्ये २९ जुलै २०२१ रोजी मेरी कोम कोलंबियाच्या इनग्रित व्हॅलेन्सियाकडून हरली. पहिली फेरी पाचपैकी चार जजनी व्हॅलेन्सियाला दिली होती. दुसरी आणि तिसरी फेरी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने मेरीने घेतली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकून ती लढत ३-२ ने हरली, आणि रिंगणातून उतरल्यावरही काही वेळ आपणच जिंकलो अशी तिची समजूत होती. कागदावर पाहिले तर हिशेब चुकलेला नाही. पाच जजनी तीन फेऱ्यांत मिळून पंधरा कौल दिले. त्यांतले आठ व्हॅलेन्सियाचे आणि सात मेरीचे. निकाल मात्र या बेरजेवरही लागत नाही. प्रत्येक जजच्या तीन फेऱ्यांचे गुण त्याच्यापुरते मिळवले जातात आणि ज्याच्या बाजूने जास्त जज, तो विजेता. व्हॅलेन्सियाच्या बाजूने तीन जज होते.

मुष्टियुद्धाच्या निकालावर गदारोळ झाला की लोक दोनच शंका बोलून दाखवतात: जज विकले गेले, नाहीतर त्यांना दिसले नाही. दोन्ही प्रकार घडलेले आहेत आणि त्यांची उदाहरणे पुढे येतील. पण टोक्योतला हा निकाल समजून घ्यायला दोहोंपैकी कशाचीच गरज पडत नाही. मोजायचे काय, ठोसा, फेरी की सगळी लढत. आणि वेगवेगळ्या माणसांची मते एकत्र करायची कशी, हा त्याखालचा प्रश्न आहे. या खेळातले निम्मे वाद तिथेच उगवतात, असे मला वाटते.

निकाल नसलेला काळ

जॅक ब्रॉटनने १७४३ साली लंडनमध्ये घालून दिलेल्या नियमांत गुणांना जागाच नव्हती. खाली पडलेल्या लढवय्याला अर्ध्या मिनिटात उठवून त्याच्या जागी उभे करायचे. नाही उभा राहिला तर हरला. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती आणि दहापर्यंतची मोजणी आणली. पुढे फेऱ्यांची संख्याही आधीच ठरू लागली आणि त्याबरोबर नवी अडचण आली. शेवटची घंटा वाजते, तेव्हा दोघेही उभेच असतात. मग जिंकले कोण?

न्यूयॉर्क राज्याने यावर काढलेला तोडगा आज गमतीचा वाटतो. १९११ च्या फ्रॉली कायद्याने दहा फेऱ्यांपर्यंतच्या लढतींना परवानगी दिली, पण गुणांवर निकाल जाहीर करायला बंदी घातली. निकाल नसला की पैजा आणि लबाडी कमी होईल, असा हिशेब होता. पैजा लावणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या बातमीदाराचे मत प्रमाण मानायला सुरुवात केली. हे ‘वर्तमानपत्री निकाल’ त्या काळच्या मुष्टियोद्ध्यांच्या नोंदींत आजही वेगळे दाखवतात. शेवटी १९२० च्या वॉकर कायद्याने अधिकृत निकाल परत आणला.

त्यानंतरची अनेक वर्षे प्रत्येक देशाचा, कधी प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा होता. त्याचे सर्वांत बोलके चित्र १९७१ च्या मार्च महिन्यात दिसते. ८ मार्चला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने महंमद अलीला हरवले. तिथे गुण नव्हतेच. कोणी किती फेऱ्या जिंकल्या एवढेच लिहायचे होते. दोन जज आणि रेफरी यांच्या नोंदी ९-६, ११-४ आणि ८-६ (एक फेरी बरोबरीची) अशा निघाल्या, तिन्ही फ्रेझरच्या बाजूने. आठच दिवसांनी, १६ मार्चला लंडनच्या वेम्बलीत जो बगनरने हेन्री कूपरला हरवले. तिथे जज नव्हतेच. हॅरी गिब्ज हा एकटा रेफरी दोघांमध्ये उभा राहून लढत सांभाळत होता आणि गुणही देत होता. पंधरा फेऱ्यांनंतर त्याच्या हिशेबात पाव गुणाचा फरक होता आणि तेवढ्या पाव गुणावर ब्रिटिश, युरोपीय आणि राष्ट्रकुल अशी तिन्ही विजेतेपदे कूपरच्या हातून गेली. कूपर त्यानंतर पुन्हा लढला नाही. ब्रिटनमधल्या छोट्या लढतींत एकट्या रेफरीने गुण देण्याची पद्धत अजून टिकून आहे.

दहा गुणांची सक्ती

आज व्यावसायिक मुष्टियुद्धात जवळपास सगळीकडे चालते ती दहा गुणांची पद्धत. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण द्यायचेच, हरणाऱ्याला बहुधा नऊ. हरणारा एकदा खाली पडला तर आठ, दोनदा पडला तर सात. रिंगणाच्या तीन बाजूंना बसलेले तीन जज एकमेकांशी न बोलता प्रत्येक फेरीनंतर आकडा लिहून देतात. अजिंक्यपदाच्या लढती बारा फेऱ्यांच्या असतात. पूर्वी त्या पंधरा फेऱ्यांच्या होत्या, पण १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये रे मॅन्सिनीशी लढल्यानंतर कोरियाच्या किम दुक-कू याचा मृत्यू झाला आणि त्यानंतर संघटना एकेक करून बारावर आल्या. सात फेऱ्या एकाच्या आणि पाच दुसऱ्याच्या, तर आकडा ११५-११३.

फेरी कोणाची हे ठरवायला चार निकष सांगितले जातात: स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरचा ताबा आणि बचाव. पहिल्याला सर्वाधिक महत्त्व द्यावे याबद्दल फारसे दुमत नाही. बाकीच्या तिघांचे वजन किती, हे मात्र कुठेही आकड्यांत लिहिलेले नाही.

ती मोकळी जागा किती मोठी आहे, हे ६ एप्रिल १९८७ च्या लढतीत दिसले. मार्व्हिन हॅगलर पुढे पुढे येत होता, जड ठोसे मारत होता. शुगर रे लेनर्ड मागे सरकत, फेरीच्या शेवटी जलद ठोशांची सर उडवत होता. एका जजने ११५-११३ अशी हॅगलरला लढत दिली, दुसऱ्याने त्याच आकड्यांनी लेनर्डला. तिसऱ्याने ११८-११० असा कौल लेनर्डला दिला, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या. लेनर्ड जिंकला असे मानणाऱ्यांनीही हा तिसरा आकडा चुकीचा ठरवला. हॅगलर पुन्हा रिंगणात उतरला नाही आणि तो वाद आजही संपलेला नाही. पहिल्या दोन जजमधला फरक मात्र मला समजण्यासारखा वाटतो. त्यांना दिसले सारखेच असावे, आवडले वेगळे.

या पद्धतीतला मोठा दोष आवडीनिवडीचा नाहीच, असे अनेक जाणकार म्हणतात. एखादी फेरी केसाच्या फरकाने जिंकली तरी १०-९, आणि तीन मिनिटे समोरच्याला कोपऱ्यात कोंडून ठेवले पण तो पडला नाही, तरी बहुतेक वेळा १०-९ च. दुसऱ्या प्रकारात १०-८ देण्याची मुभा जजला असते, पण ती क्वचितच वापरली जाते. उलट एक ठोसा बसून माणूस क्षणभर खाली गेला की आकडा लगेच बदलतो. डिसेंबर २०१८ मध्ये टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर यांची पहिली लढत बरोबरीत सुटली. वाइल्डरने नवव्या आणि बाराव्या फेरीत फ्युरीला खाली पाडले होते. तिन्ही जजच्या आकड्यांतून या दोन फेऱ्या बाजूला काढल्या तर उरलेल्या दहापैकी फ्युरीने किती जिंकल्या, हे उलट मांडून पाहता येते: एकाच्या हिशेबात आठ, दुसऱ्याच्या सात, तिसऱ्याच्या पाच. आठ फेऱ्या देणाऱ्या जजच्या कागदावरही फ्युरी जेमतेम ११४-११२ असा पुढे होता. दोन नॉकडाऊनची किंमत एवढी असावी का? यावर माझे स्वतःचे मत कधी इकडे, कधी तिकडे झुकते.

ऑलिंपिकचा वेगळा रस्ता

ऑलिंपिकमधल्या प्रत्येक बदलामागे एखादे प्रकरण आहे आणि त्यातले सर्वांत मोठे सोलचे. १९८८ च्या लाइट मिडलवेट अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला सहज मागे टाकले होते. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. सोव्हिएत आणि हंगेरियन जजनी जोन्सला स्पष्ट विजयी ठरवले. उरलेल्या तिघांनी पार्कला, आणि निकाल ३-२. त्याच स्पर्धेत सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याचा व्हॅल बार्कर चषक मात्र जोन्सला मिळाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या चौकशीत लाचेचा पुरावा सापडला नाही आणि १९९७ मध्ये ते प्रकरण बंद झाले. २०२३ मध्ये पार्कने स्वतः अमेरिकेत जाऊन ते सुवर्णपदक जोन्सच्या हाती दिले.

माणसावर विश्वास नाही, तर यंत्रावर ठेवू, असे मग ठरले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून जजच्या पुढ्यात दोन रंगांची दोन बटणे आली. ठोसा लागला असे वाटले की त्या रंगाचे बटण दाबायचे. पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबले तरच एक गुण. त्यामुळे एकटा जज काही करू शकणार नव्हता. पण त्याच बार्सिलोनात अमेरिकेचा विश्वविजेता एरिक ग्रिफिन स्पेनच्या राफाएल लोझानोकडून ६-५ ने हरला. नंतर प्रत्येक जजची वेगळी मोजणी पाहिली, तेव्हा पाचही जजनी ग्रिफिनचेच ठोसे जास्त नोंदवले होते. एकूण ८१ विरुद्ध ५०. बटणे एकाच सेकंदात दाबली गेली नव्हती, एवढेच. पाच माणसे एका बाजूला आणि त्यांच्याच मतांची बेरीज दुसऱ्या बाजूला.

या पद्धतीने लढण्याची धाटणीही बदलली. जवळून शरीरावर मारलेले ठोसे आणि जलद जोडठोसे जजच्या बोटांना पकडता येत नसत. लांबून सुटा, स्पष्ट ठोसा मारून मागे सरकणारा फायद्यात राहत असे. विजेंदर सिंगचे २००८ चे आणि मेरी कोमचे २०१२ चे कांस्यपदक याच पद्धतीतले. त्याच २०१२ च्या लंडनमध्ये विकास कृष्ण अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सविरुद्ध १३-११ ने विजयी घोषित झाला. अमेरिकेने दाद मागितली. तिसऱ्या फेरीत विकासने वारंवार धरून ठेवले आणि त्याआधी तोंडातला गमशील्ड टाकला, तरी रेफरीने दंड केला नाही, असे ठरले आणि काही तासांत निकाल १५-१३ असा स्पेन्सच्या बाजूने फिरला. सुमित सांगवान १४-१५ ने हरला तेव्हा भारताने केलेली तक्रार मात्र फेटाळली गेली.

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने बटणे काढली आणि दहा गुणांची पद्धत आणली. पुढच्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सरिता देवी उपांत्य लढतीत कोरियाच्या पार्क जी-ना हिच्याकडून हरली. तिन्ही जज तिच्या विरुद्ध गेले, प्रेक्षकांचा मोठा भाग थक्क झाला आणि पदकप्रदानाच्या वेळी सरिताने आपले कांस्यपदक पार्कच्याच गळ्यात घातले. निकाल बदलला नाही. सरितावर मात्र वर्षभराची बंदी आली.

रिओमध्ये २०१६ साली पाच जज बसत आणि त्यांतल्या तिघांचेच आकडे संगणक निवडून धरत असे. कझाकस्तानचा वासिली लेव्हित अंतिम लढतीत रशियाच्या येवगेनी तिश्चेन्कोकडून हरला तेव्हा सभागृहाने निषेधाचा गलका केला. आयर्लंडच्या मायकेल कॉनलनला हरवणारा व्लादिमिर निकितिन इतका जखमी होता की पुढची लढत खेळूच शकला नाही. रिओतले सगळे रेफरी आणि जज नंतर बाजूला काढले गेले. रिचर्ड मॅकलारेन यांच्या २०२१ च्या अहवालाने या दोन्ही लढती संशयास्पद लढतींत धरल्या आणि गडबड कुठे झाली तेही दाखवले. हवे ते जज हव्या त्या लढतीला बसवले जात होते. म्हणजे दोष गुणपद्धतीचा नव्हता, नेमणुकीचा होता. हे महत्त्वाचे, कारण दर वेळी दुरुस्ती मात्र पद्धतीचीच होत आली होती.

ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये संघटनेला निलंबित केले, टोक्यो आणि पॅरिसच्या स्पर्धा स्वतःच्या देखरेखीखाली घेतल्या आणि २०२३ मध्ये संघटनेची मान्यताच काढून घेतली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ला २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली. पाचही जजचे आकडे आता धरले जातात. तरीही २०२४ मध्ये पॅरिसला निशांत देव मेक्सिकोच्या मार्को वेर्देकडून ४-१ ने हरला, तेव्हा भारतात तोच संताप उसळला.

आजचे मतप्रवाह

पहिला गट मोजणीवाल्यांचा. लागलेले ठोसे मोजा, वाद मिटेल, असे त्यांचे म्हणणे. १३ मार्च १९९९ च्या लेनॉक्स लुइस–इव्हँडर होलीफील्ड लढतीचा दाखला ते देतात. कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत लुइसचे ३४८ ठोसे लागले, होलीफील्डचे १३०, निकाल बरोबरी. एका जजने ती ११५-११३ ने होलीफील्डला दिली होती. हा आकडा पचवणे खरेच अवघड आहे. पण कॉम्प्युबॉक्स म्हणजेही रिंगणाजवळ बसून प्रत्येकी एका मुष्टियोद्ध्याकडे पाहत कळा दाबणारी दोन माणसेच. ठोसा हलका की जड, कपाळावर की यकृतावर, हे त्या आकड्यात उतरत नाही. बार्सिलोनापासून लंडनपर्यंत वीस वर्षे हाच प्रयोग ऑलिंपिकने करून पाहिला आणि सोडून दिला.

दुसरा गट अनुभवी जजच्या समग्र निवाड्यावर भिस्त ठेवतो. लढत म्हणजे ठोशांची यादी नव्हे. वेग, दबाव, कोण कोणाच्या मनासारखे खेळतोय, हे पाहणाऱ्यालाच कळते. त्यांचा एक मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो. आपण दूरचित्रवाणीवर पाहतो तो कोन जजला मिळत नाही. त्याला एकच बाजू दिसते, मध्ये दोर असतात, रेफरीची पाठ असते. आपल्या कानात समालोचक असतो आणि पडद्यावर कुणाचे तरी अनधिकृत गुण झळकत असतात. मग चुकीचे कोण पाहत होते, हे इतके सोपे राहत नाही. मात्र प्रेक्षकांचा गलका जजच्याही कानांवर पडतोच. युरोपीय अजिंक्यपद लढतींवरच्या २००५ च्या एका अभ्यासात यजमान खेळाडूचा फायदा नॉकआउटपेक्षा गुणांवरच्या निकालांत जास्त आढळला.

तिसऱ्या गटाला उघडेपणा हवा आहे. चौथ्या आणि आठव्या फेरीनंतर गुण जाहीर करण्याची पद्धत वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने वापरून पाहिली आहे. मागे पडलेल्याला कळते की आता पाडल्याशिवाय गती नाही, आणि शेवटी धक्का बसत नाही. विरोधक म्हणतात की पुढे असलेला मग पळत राहतो, लढतीतली उत्कंठा मरते आणि यजमान खेळाडू मागे असला तर प्रेक्षक उरलेल्या फेऱ्या जजच्या डोक्यावर बसतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

चौथा गट विचारतो, जजला नेमतो कोण आणि पैसे कोणाच्या खिशातून येतात. अमेरिकेत नेमणूक राज्याच्या आयोगाकडे असते, मानधनाचा भार मात्र लढत भरवणाऱ्यावर. महंमद अलीच्या नावाच्या २००० सालच्या कायद्याने जज आणि रेफरींना मिळालेला मोबदला उघड करणे बंधनकारक केले. चूक झाल्यावर पुढे काय, हा याच गटाचा दुसरा प्रश्न. २०१२ मध्ये टिमथी ब्रॅडलीला मॅनी पॅकियाओविरुद्ध विजयी ठरवले गेले. वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनने नेमलेल्या पाचही परीक्षकांनी चित्रफीत पाहून पॅकियाओ जिंकला असे म्हटले. पट्टा ब्रॅडलीकडेच राहिला. २०२२ मध्ये ग्लासगोत जॅक कॅटरॉलविरुद्ध जॉश टेलरला विजय मिळाल्यावर ब्रिटनच्या मंडळाने एका जजचा दर्जा खाली आणला. निकाल तोच राहिला. जजला शिक्षा होते, खेळाडूला भरपाई होत नाही.

न सुटलेले

पाचवी वाट यंत्राची, या वेळी बटणाशिवाय. २१ डिसेंबर २०२४ रोजी रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी यांच्या दुसऱ्या लढतीला तीन जजबरोबर प्रयोगादाखल कृत्रिम बुद्धिमत्तेचाही एक कागद होता. त्याला निकालात वजन नव्हते. तिन्ही माणसांनी ११६-११२ लिहिले, यंत्राने ११८-११२. सगळे उसिकच्या बाजूने. विजेता तोच निघाला म्हणून प्रयोग यशस्वी, असे म्हणणे घाईचे होईल. आकडे निराळे आले आणि त्या फरकाचे कारण यंत्राला विचारता येत नाही. शिवाय ‘परिणामकारक आक्रमण’ म्हणजे काय हे यंत्राला शिकवणार माणूसच, आणि हॅगलर–लेनर्डच्या रात्री माणसांचेच त्यावर जमले नव्हते.

बेरजेचा प्रश्न त्याहून जुना आणि त्याहून दुर्लक्षित. जवळच्या फेरीला १०-९ आणि एकतर्फी फेरीला १०-८, नॉकडाऊन असो वा नसो, एवढा बदल नियम न मोडताही करता येईल, कारण मुभा आजही आहे. अर्ध्या-पाव गुणांकडे परत जाण्याची सूचना अधूनमधून येते. ज्यांना कूपर आठवतो ते तिला हसतात. पण कूपरच्या वेळी लोक चिडले ते पाव गुणापेक्षा एकट्या माणसावर, हे विसरले जाते. बरोबरीची फेरी, १०-१०, जजना टाळायला सांगितले जाते. त्यामुळे खरोखर समान झालेल्या फेरीतही कोणाला तरी विजेता करावेच लागते आणि अशा दोन-तीन फेऱ्यांवर अजिंक्यपदे फिरतात. जजचे आकडे एकत्र कसे करायचे यावर तर चर्चाच नाही. सगळ्या जजच्या सगळ्या फेऱ्यांची एकच बेरीज धरावी, की आजच्याप्रमाणे कागद वेगळे ठेवून बहुमत घ्यावे, की आधी प्रत्येक फेरीचा विजेता बहुमताने ठरवावा? शेवटची रीत असती तर टोक्योत मेरी कोम पुढच्या लढतीला गेली असती. पहिल्या दोन्ही रीतींनी व्हॅलेन्सियाच. यांतली योग्य कोणती, हे खेळाचे पुस्तक सांगत नाही, आणि लॉस एंजेलिस २०२८ साठी मुष्टियुद्धाचा समावेश नक्की झाला असला तरी नव्या संघटनेपुढे आज जास्त तातडीचे काम आहे ते जजच्या नेमणुकीची यादी कोणाच्या हातात राहील, हे ठरवण्याचे.